भागीरथीचा डबा

३ फेब्रु. ६४, सोमवार
आज पहिल्यांदा पेन हातात धरलं. अक्षर बघवत नाही. ह्याच अक्षरासाठी मी पोरांना छडी दाखवते.
मुदतीचा ताप. बारा जानेवारीला चढला. उतरला कधी, देव जाणे. हे आले सव्वीसला. तेव्हा अंग गार होतं, म्हणतात. म्हणजे पंधरा दिवस ह्या घरात मी एकटी. मेले कशी नाही?
हे आज परत आळंदला, जमीनमोजणीच्या कँपवर. साहेब आणखी रजा देईना. जाताना तीनदा बजावलं, "दगदग करू नको. हा ताप उलटतो. उलटला की माणूस हाती लागत नाही." तीनदा. जसं काही मी बहिरी.
केस कंगव्याला झुबक्यानं येतायत.

४ फेब्रु.
आठवतंय तेवढं लिहून ठेवते, नाहीतर तेही जाईल.
पहिले चार दिवस शुद्ध होती. हे.मा. (आमचे हेडमास्तर) रोज यायचे, दाराबाहेरून हाक मारायचे, गोळ्या खिडकीत ठेवायचे आणि झपझप चालते व्हायचे. आत कुणी आलं नाही. शेजारच्या कलावती अक्का असत्या तर आल्या असत्या, पण त्या लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. बदलीचं गाव, सहा महिने झाले येऊन, दुसरं ओळखीचं कोण?
पाचव्या दिवसापासून उठताच येईना. नंतरचं सगळं तुकड्यातुकड्यांनी.
आंबील. जोंधळ्याची, ताकातली, पातळ. लसणाचा वास. मानेखाली कुणाचा तरी हात. बांगड्या वाजल्याचा आवाज. "पी. अजून एक घोट." तोंड आठवत नाही. दुपार असायची एवढं नक्की, कारण माळवदाच्या सवण्यातून, छतातल्या झरोक्यातून, ऊन खाली यायचं ते तेव्हा माझ्या पावलांवर असायचं.
हे म्हणतात, दार आतून लावलेलं होतं. खिडकीतून हात घालून कडी काढावी लागली. उशाशी पितळी डबा, घासून पालथा घातलेला.

६ फेब्रु.
डबा आमचा नाही. आज उजेडात नीट पाहिला. कडीचा, झाकणाचा, शेरभर आंबील मावेल एवढा. बुडाजवळ ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय: सौ. भागीरथी.
कोण ही? शाळेत पोरींना विचारलं तर एकमेकींकडं बघून गप्प.
कुणी का असेना, तिनं मला जगवलं. आज चुलीपुढं बसल्याबसल्या रडू आलं. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. आई चिमूटभर साखर तरी घालायचीच, त्याशिवाय शेजारणीची वाटी दाराबाहेर जायची नाही. शेंगदाणे भाजून ठेवलेत. उद्या लाडू वळीन.

८ फेब्रु., शनिवार
अर्धी शाळा. लाडू भरून डबा घेऊन निघाले. आठ घरं फिरले. पहिल्या घरची बाई हसत पुढं आली, बुडाजवळचं नाव तिच्या पोरीनं वाचलं, तशी हात मागं. "आमचा न्हाई बाई." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी पाणीसुद्धा विचारलं नाही. लाडू कुणी घेईना. शेंगदाण्याचे लाडू कुणी नको म्हणतं होय!
सगळ्यात शेवटी तुळसाबाईकडं. मारुतीमागच्या गल्लीत राहते, सत्तरीची असेल, एकटीच. अंगणात तुरीच्या शेंगा काठीनं बडवत बसली होती. मी फाटकातून आत पाऊल टाकलं, तशी काठी तशीच वर राहिली.
"आमचा न्हाई. घेऊन जा."
मी म्हटलं, "अजून नाव वाचून दाखवलंसुद्धा नाही मी."
"मला वाचाय येत न्हाई," म्हणाली आणि पुन्हा बडवायला लागली, आधीपेक्षा जोरात.
घरी येऊन लाडू मीच दोन खाल्ले.

११ फेब्रु.
अक्का आल्या! लेकीला मुलगी झाली. आल्याआल्या माझ्या डोक्याकडं बघून म्हणाल्या, "अगं बाई, केस कुठं ठिवलाव? कँपवर पाठवलाव का अण्णांसंगं?" (ह्यांना त्या अण्णा म्हणतात.) किती दिवसांनी हसले.
मग डबा दाखवला. त्यांनी हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. हसू गेलं.
"तुमच्या आधी ह्या घरात कोण ऱ्हायचं, कुणी सांगितलं न्हाई?"
भागीरथी राहायची. तुळसाबाईची सून, आणि सून कसली, सख्ख्या लेकीची लेक. मामाला दिलेली. इकडे रीतच आहे तशी, पोरगी आजीच्याच घरात सून होऊन येते. नवरा-बायकोनं वेगळं बिऱ्हाड केलं होतं, ते ह्या घरात. तीन वर्षांमागं नवरा सोलापूरला गिरणीत काम बघायला गेला आणि मागं हिला ताप भरला. हाच ताप. काढणीचे दिवस, सगळं गाव रानात. अन् ज्यांना जमलं असतं ते भ्यायले. उंबऱ्याच्या आत कुणी गेलं नाही. नवव्या दिवशी...
"मी बी न्हाई गेले बाई," अक्का म्हणाल्या. "धाकटी लेकरं ल्हान हुती. खोटं कशाला सांगू?"
मी भांडले. वाट्टेल ते बोलले. भिंतीला भिंत लागून आहे तुमची, पाण्याचा तांब्या तरी द्यायचात, वगैरे. अक्का ऐकून घेत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मग आता सांगा, तुम्हाला डबा कुणी आणला?"
दिवेलागणीला दिवा लावला आणि बराच वेळ खोलीच्या मध्ये उभी राहिले. कुठल्या कोपऱ्यात निजायची ती? मी अंथरूण घालते तिथंच, दुसरी जागाच नाही ह्या घरात.

१४ फेब्रु.
उपकार अंगावर आणि फेडायचा कुणाचा ते ठाऊक नाही. ओलं लुगडं नेसून दिवसभर वावरल्यासारखं होतंय.
म्हणून वाटत सुटले. उरलेले लाडू दुसरीच्या वर्गाला. माझं निळं लुगडं यल्लव्वाला, जिला ह्यांनी जाताना पाणी भरायला लावून दिलंय. तिनं ते हातात धरलं, माझ्याकडं बघितलं, "कामून बाई? माझं काय चुकलं का? उद्यापासनं येऊ नको का?" तिची समजूत घालता घालता माझीच पुरेवाट. संध्याकाळी हे.मां.च्या घरी गूळ नेला. त्यांच्या मंडळींना वाटलं, बदलीसाठी शब्द टाकायला आले.
अक्का ओट्यावरून सगळं बघत होत्या. "ज्याला भूक न्हाई त्याच्याच ताटात वाढायलाव तुम्ही," म्हणाल्या.
खरं आहे. पण भूक कुणाला आहे ते कुणी सांगतं का?

१७ फेब्रु.
शाळा सुटल्यावर सरळ तुळसाबाईकडं गेले. डबा तिच्यापुढं ठेवला आणि बसले. म्हटलं, आज उठणार नाही.
तिनं डबा हातात घेतला. मग, "मीच आणायची."
मला इतकं हलकं वाटलं! पाया पडायला वाकले तर तिनं पाय आखडून घेतले. "पाया नको पडू. आधी ऐक."
तिच्याच शब्दांत लिहिते.
"तुला ताप भरला म्हून कळलं. त्याच घरात. म्या आंबील केली, तिच्याच डब्यात घातली. तुझ्या कट्ट्यावर ठिवली, कडी वाजवली अन् पळाले. रोज. आत न्हाई आले, भ्या वाटायचं. माझ्या भागीच्या येळंला बी तसंच केलं. रोज आंबील नेली. कट्ट्यावर ठिवली अन् पळाले. सांजच्याला बघावं तर डबा तसाच. कुत्री चाटायची. मला काय ठाव, तिला उठता येत नव्हतं?" मग थांबली. "ठाव हुतं बाई. ठाव हुतं."
तिचा हात धरला. लाकडासारखा.
मग म्हणाली, "पर तू प्यायचीस. तुझा डबा रोज रिकामा. घासून, पालथा घालून कट्ट्यावर. बघून बरं वाटायचं. म्हून रोज आणली."
मी म्हटलं, "तुळसाबाई, मलाही उठता येत नव्हतं."
"मग डबा आत कुणी नेला?"
तिच्या अंगणात तुरीच्या भुसकटाचा ढीग होता, त्यावर कोंबड्या उकरत होत्या. मी डबा तिथंच ठेवून निघाले, तर मागून आली आणि पुन्हा माझ्या हातात दिला. "तिनं तुला दिलाय. माझ्याकडं नको."

२० फेब्रु.
ह्यांचं पत्र. सगळं सविस्तर कळवलं होतं, त्याला चार ओळींचं उत्तर. तापात माणसाला काहीही भास होतात, तूच उठली असशील, तूच प्यायली असशील, आठवत नाही एवढंच. शिवाय: लोकांच्या घरी फिरू नकोस.
बरोबर असेल. मीच सरपटत गेले, कडी काढली, डबा आत घेतला, प्याले, घासला, पालथा घातला, पुन्हा कडी लावली. रोज. आणि मानेखालचा हात? माझे दोन्ही हात वाकळेखाली होते. गारठ्यानं बाहेर काढवत नव्हते, एवढं पक्कं आठवतंय.
हे मोजणीखात्यातले. ह्यांना सगळ्याची हद्द सापडते.

२३ फेब्रु., रविवार
जोंधळ्याची काढणी. दुपारी गावात चिटपाखरू नाही. अक्कासुद्धा रानात. मी वह्या तपासत होते. बाराच्या सुमाराला दाराची कडी वाजली. एकदाच.
उघडलं. कुणी नाही. गल्ली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी. कट्ट्यावर काही नाही. पण कट्टा झाडलेला. सकाळी मी झाडला नव्हता, वाकवत नाही अजून.
यल्लव्वानं झाडला असेल. लुगड्याच्या बदल्यात.
विचारलं नाही तिला. विचारायचं धाडस झालं नाही, असं लिहायला हवं.

२५ फेब्रु.
भिंतीवरून अक्कांची हाक. "ऐकलाव का? तुळसाबाईला ताप भरलाय."
कालपासून पडून आहे. लेकाला सोलापूरला कार्ड टाकलं म्हणे. पोचणार कधी, येणार कधी, आणि येणार का? भागीरथी गेल्यापासून तो आईशी बोलत नाही.
हे.मां.नी खटकचिंचोळीच्या कंपाउंडरला निरोप धाडला. तो सोमवारच्या बाजाराला येतो, तेव्हा बघून जाईल. सोमवार म्हणजे दोन तारीख. तोवर?
गावात सगळ्यांचं एकच म्हणणं: म्हातारी झाली, वय झालं. वय झालं म्हणजे तहान लागत नाही का!

२६ फेब्रु.
पहाटे आंबील केली. अक्कांकडून ताक घेतलं, लसूण ठेचून घातला. भागीरथीच्याच डब्यात भरली, मधल्या सुट्टीत घेऊन गेले. आता कळलं, माझं देणं कुणाच्या ताटात आहे ते. चालताना आनंद झाला होता, खरंच.
दार लोटलेलं. आतून कण्हल्याचा आवाज. आणि तो वास, तापाच्या घराचा. तो वास नाकात शिरला आणि मी कट्ट्याशीच थांबले. ह्यांचे तीनदाचे शब्द आठवले.
डबा कट्ट्यावर ठेवला. कडी वाजवली. पळाले.
हो, पळाले. मी, जिला मानेखाली हात मिळाला होता ती. लिहायला लाज वाटतेय, म्हणूनच लिहिते.

२७ फेब्रु.
डबा तसाच. झाकण घट्ट, वरून मुंग्यांची रांग. वाटेत मनाला सांगत गेले होते की रिकामा असेल, घासून पालथा असेल. माझ्यासाठी जी आत घेऊन गेली ती हिच्यासाठीही नेईल.
कुणी नेला नाही.
आंबलेली ओतून टाकली, नवी भरली. दारातून हाक मारली, "तुळसाबाई! आंबील आणलीय." आतून काहीतरी हललं. शाळेची घंटा झाली. तिसरीचं गणित होतं. गणिताला पाच मिनिटं उशीर झाला असता तर काय आकाश कोसळलं असतं?

२८ फेब्रु.
पुन्हा तसाच. आज कुत्र्यानं झाकण उडवलं होतं.
बिचारी चार दिवस उपाशी आहे. कण्हणं आज ऐकू आलं नाही. थांबून, कान देऊन ऐकलं, तेव्हा श्वास ऐकू आला, घरघरता.
अक्कांना म्हटलं, चला, दोघी जाऊ. त्या रडायला लागल्या. "सून पोटुशी हाय माझी. मला नका नेऊ." तीन वर्षांमागं धाकटी लेकरं लहान, आता सून पोटुशी. आणि मी? नवरा आळंदला, केस कंगव्यात, ताप उलटेल म्हणून जीव मुठीत. प्रत्येकीकडं एकेक चांगलं कारण आहे.
कामून येईल ती? कामून येईल भागीरथी हिच्यासाठी? मी तिच्या जागी असते तर आले असते का?
भाकरी गेली नाही आज.

२९ फेब्रु., शनिवार
हे तुळसाबाईच्या घरातच बसून लिहितेय, पेन्सिलीनं, वहीच्या मागच्या पानावर. ती झोपलीय. दुपारचे तीन असतील. घडलं तसंच लिहायचं.
शाळा सुटली तशी आले. कट्ट्यावर थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा पळाले असते. डबा छातीशी धरला, डोळे मिटले आणि उंबरा ओलांडला. वास आला. दोन पावलांत सवय झाली. एवढंच होतं ते.
वाकळेवर पडलेली, अर्धी उरलेली. ओठ फुटलेले. मी उशाशी बसले, मानेखाली हात घातला. डोकं इतकं हलकं की दचकले. वाटीनं पहिला घोट दिला, तो ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आला. दुसरा पोटात गेला. तिसरा गेला. मी मोठ्यानं म्हणत होते, "पी. अजून एक." माझं मलाच बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू?
मग तिनं डोळे उघडले.
"भागे, दारातच कामून उभी ऱ्हायलीस? आत ये की."
तापात बडबडतेय, मला ती समजतेय, असं वाटलं. मी म्हटलं, "मी आतच आहे, तुळसाबाई. मी शाळेतली बाई. ही बघा, तुमच्याजवळ."
तिनं माझ्याकडं पाहिलं. नीट पाहिलं, ओळखून. "तुला न्हाई म्हणाले बाई," म्हणाली. "तिला म्हणतेय." आणि नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली, दाराकडं.
माझी पाठ दाराला होती. दारातून ऊन आत येत होतं, माझ्या समोरच्या भिंतीवर दाराच्या आकाराचा उजेड पडला होता. तो मघापेक्षा अरुंद दिसला. मी तिकडं बघायचं थांबवलं.
"काल बी आलती. परवा बी. तिथंच उभी ऱ्हाती अन् माझ्याकडं बघती. उंबऱ्याच्या आत येईना."
वाटी पुन्हा ओठाला लावली. तिनं तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली. आंबील हनुवटीवरून गळ्यात गेली. पदरानं पुसली, पुन्हा लावली. नाही.
"ती आल्याबगर न्हाई पिणार."
"असं करू नका. तीनच घोट झालेत."
"ती उपाशी गेली. माझ्या हातची आंबील दारात ठिवून ती उपाशी गेली. मी कसं पिऊ?" एवढं बोलून धाप लागली. डोळे दारावरून हलले नाहीत.
मी विनवलं, दटावलं. लेकाचं नाव घेतलं, देवाचं घेतलं. दात मिटून पडलेली. मनगट धरून बघितलं तर नाडी सापडेना, सापडली तर मोजता येईना. वाटलं, इथंच, माझ्या हातावर जाते ही आता. भरलेला डबा शेजारी असून.
मागं वळून बघावं, दारात कुणी नाही हे तिला दाखवावं, असं मनात आलं. मान वळली नाही. कुणी नसेल तर ही मरेल. आणि कुणी असेल तर...
मी समोर बघतच म्हटलं, "भागीरथी, ये."
पुन्हा म्हटलं, वर्गात शेवटच्या बाकावर ऐकू जावं तसं. "ये बाई आत. तुझ्याकडं कुणी आलं नाही, ते आम्हा सगळ्यांचं चुकलं. तरी तू माझ्याकडं आलीस. आता हिच्याकडं ये. मी एकटीनं हिला पाजू शकत नाही."
बाहेर कोंबड्या ओरडत होत्या, त्या गप्प झाल्या. गल्लीत काही आवाज नाही. मी वाकळेच्या कडेला सरकले, उशाशी आणखी एक जण बसेल एवढी जागा केली.
तुळसाबाईनं वाटीसाठी तोंड उघडलं.